मुंबईतील जॅझ : आरंभीचा काळ आणि गोव्याचे दोन वारसे



मुंबईच्या संगीताचा इतिहास आपण मराठी माणसे सांगू लागलो की काही नावे आपोआप ओठांवर येतात. भास्करबुवा बखले, अल्लादियाखाँसाहेब, बालगंधर्व, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, आणि पुढे लताबाई व आशाबाई. हा इतिहास खरा आहे आणि अभिमानाचा आहे. पण माझ्या मते तो अर्धाच आहे. ज्या काळात गिरगावात गाण्याच्या बैठका रंगत होत्या, त्याच काळात तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, धोबीतलावच्या एका खोलीत दहा-पंधरा गोवेकर आपापल्या ट्रंकांवर बसून ट्रम्पेट आणि व्हायोलिन घासूनपुसून ठेवत होते. संध्याकाळी ते काळा कोट चढवून अपोलो बंदराकडे जात आणि तिथे जॅझ वाजवत. या माणसांना आपल्या मराठी संगीतेतिहासात जागा नाही, निदान नावानिशी तरी नाही. आज मला त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

होमिओपॅथीच्या डॉक्टरने जॅझवर का बोलावे, असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. याचे एक उत्तर आमच्या व्यवसायातच आहे. आमच्याकडे रोगी आला की नुसते आजचे दुखणे विचारून भागत नाही. घरात कोणाला काय होते, लहानपणी काय झाले होते, हे सगळे विचारावे लागते. आपल्या कानावर रोज पडणाऱ्या चित्रपटगीतांचा असा पूर्वेतिहास विचारत गेलो, तर तो धोबीतलावला जाऊन पोहोचतो. दुसरे उत्तर आपल्या गावाचे आहे. मुरगावहून निघणारी रेल्वे १८८८ मध्ये कॅसलरॉकमार्गे लोंढ्याला जोडली गेली. पुढे बेळगाव, मिरज, पुणे आणि मग मुंबई. बोटीने न जाणारे गोवेकर वादक याच मीटरगेजच्या गाडीने आपल्या स्टेशनावरून गेले. त्यांच्या हातातल्या त्या लांबोळक्या पेट्यांत काय आहे, हे फलाटावर उभ्या असलेल्या आपल्या आजोबांनी विचारले नसेल. ते आपण आता विचारू.

प्रथम जॅझ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी हे संगीत आकाराला आले. ते घडवले प्रामुख्याने आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी. शेतावरची श्रमगीते, चर्चमधली भजने, लष्करी बँडची वाद्ये आणि युरोपीय नृत्यसंगीत हे सारे त्यात मिसळले. १९१७ मध्ये जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. ती गोऱ्या वादकांची होती, हाही इतिहासाचाच एक विनोद. जॅझची दोन लक्षणे आपल्याला चटकन समजतील. एक, ठेक्याच्या अपेक्षित जागी आघात न देता तो थोडा पुढेमागे ढकलणे. आपल्या लयकारीत समेला हुलकावणी देण्याचा जो आनंद असतो, त्याच्या जवळपासचा हा आनंद. दुसरे, ठरलेल्या सुरावटीची चौकट सांभाळून वादकाने त्या क्षणी सुचेल ते वाजवणे, म्हणजे आपली उपज. फरक असा की आपल्याकडे रागाचे नियम पाळून उपज होते आणि तिकडे एकापाठोपाठ बदलत जाणाऱ्या स्वरसंगतींची, म्हणजे कॉर्ड्सची, वाट धरून ती होते. घर वेगळे, पण घरातली रीत आपल्या ओळखीची.

मुंबईत पाश्चात्य नृत्यसंगीत जुनेच होते. साहेबांच्या क्लबांत, जिमखान्यांत, बॉलच्या रात्री बँड लागत. १९२० नंतर ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून नवे अमेरिकन संगीत येऊ लागले आणि केन मॅक या अँग्लो-इंडियन बँडप्रमुखाने ते नाचाच्या दिवाणखान्यांत लोकप्रिय केले. पण ही तबकडीवरून उचललेली विद्या होती. प्रत्यक्ष गुरू भेटले ते १९३५ च्या अखेरीस. त्या हिवाळ्यात लिऑन ॲबी नावाचा आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मुंबईतल्या खऱ्या जॅझचा आरंभ या घटनेपासून मोजतात. पुढच्याच वर्षी त्याच्या जागी क्रिकेट स्मिथ हा ज्येष्ठ ट्रम्पेटवादक आला. पहिल्या महायुद्धाच्याही आधीपासून न्यूयॉर्कमध्ये वाजवलेला हा माणूस. त्याच्याबरोबर पियानोवर होता टेडी वेदरफोर्ड. १९२६ मध्ये शिकागोत अर्स्किन टेट याच्या वाद्यवृंदात हा वेदरफोर्ड खुद्द लुई आर्मस्ट्राँगच्या जोडीने वाजवत होता. त्याच वर्षी तो पूर्वेकडे निघाला आणि शांघायमध्ये नाव कमावून मुंबईला आला. १९३६ मध्ये क्रिकेट स्मिथच्या ताफ्याने मुंबईत रेक्स कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. त्यात ताजमहाल हॉटेलावर रचलेली एक नाचाची धूनही होती. नरेश फर्नांडिस यांनी या साऱ्या काळावर इंग्रजीत जे पुस्तक लिहिले, त्याचे नाव या धुनेवरूनच घेतले आहे.

हे लोक इतक्या लांब का आले? पैसा हे कारण होतेच. पण त्यांच्या देशात त्यांची परिस्थिती काय होती, तेही पाहायला हवे. ज्या हॉटेलात रात्री वाजवायचे, तिथे त्यांना खोली मिळत नसे. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध कॉटन क्लबात काळे वादक मंचावर आणि श्रोते फक्त गोरे, असा प्रकार होता. मुंबईतही ब्रीच कँडीचा पोहण्याचा तलाव आणि यॉट क्लब यांची दारे हिंदी माणसाला बंद होती. पण जमशेदजी टाटांच्या ताजमध्ये पैसे मोजणाऱ्याला जात, धर्म, वर्ण विचारत नसत आणि वादकाचा मान राखला जाई.

इथे मला महाराष्ट्राच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्तीचा अर्थ ज्याला पहिल्यांदा पुरता कळला, असा मराठी माणूस म्हणजे ज्योतिराव फुले. १८७३ मध्ये त्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केला. त्यानंतर ६२ वर्षांनी त्या मुक्त झालेल्यांची नातवंडे मुंबईत येऊन उभी राहिली. त्याच सुमारास, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, डॉ. आंबेडकरांनी येवल्याला आपली धर्मांतराची घोषणा केली होती. मराठी वर्तमानपत्रांचे रकाने त्या घोषणेने भरले होते. अपोलो बंदरावर वाजणारे संगीत हीसुद्धा त्याच प्रश्नाची एक बाजू आहे, हे त्या वेळी फारशा मराठी लोकांच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही. ताजचा नाचाचा दिवाणखाना आणि येवल्याचे मैदान या जणू दोन वेगळ्या पृथ्वीवरच्या जागा होत्या.

आता गोव्याकडे वळू. जॅझ मुंबईत आला तेव्हा तो उचलायला तयार असलेले शेकडो हात गोवेकरांचेच का होते? मराठी, गुजराती, पारशी यांचे का नव्हते? पारश्यांत रूडी कॉटन हा नामांकित सॅक्सोफोनवादक झाला, त्याचे मूळ नाव कावसजी खटाव. पण तो अपवाद. बहुतेक सारे वादक गोव्याचे कॅथलिक होते आणि त्याचे कारण पोर्तुगीज काळातील इगर्जींच्या शाळा हे आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती गावांत इगर्जीला जोडून एक शाळा असे. तिथे ‘मेस्त’ मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचायला शिकवी. मूल अक्षरओळख व्हायच्या बेताला पाच रेघांवरचे स्वर वाचू लागे आणि पाठोपाठ हातात व्हायोलिन येई. सणावाराला इगर्जीत वाजवायचे, लग्नात मांडो वाजवायचे, तियात्राला साथ करायची. ही शिकवणी कित्येक पिढ्या चालली. पण छोट्या गावात इतक्या वादकांना पोटापुरते काम कुठून मिळणार? मग ते बाहेर पडले. ब्रिटिश पलटणींच्या बँडमध्ये, संस्थानिकांच्या बँडमध्ये, बोटींवर, आणि मूकपटांच्या काळात मोठ्या शहरांतल्या चित्रपटगृहांत पडद्याखाली बसून ते वाजवू लागले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, चित्रपट बोलू लागला आणि पडद्याखालचे वादक बेकार झाले. पुढे चारच वर्षांत जॅझ आला. ही वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मुंबईत हे लोक राहत ते ‘कुडीत’. कूड म्हणजे कोकणीत खोली. एकेका गावची एकेक कूड, म्हणजे त्या गावच्या माणसांनी वर्गणी काढून चालवलेले वसतिगृहच. धोबीतलाव, माझगाव या भागांत अशा कितीतरी कुडी होत्या. प्रत्येकाला एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा, संध्याकाळी एकत्र प्रार्थना, भाडे अगदी नाममात्र. खलाशी, आचारी आणि वादक तिथे एकत्र राहत. आपल्या गिरणगावातले घाटावरच्या किंवा कोकणातल्या एकेका गावचे गाळे आठवले, की ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच की १९६१ पर्यंत हे लोक कायद्याने पोर्तुगालची प्रजा होते. ज्या शहराचे संगीत ते वाजवत होते, त्या शहरात ते परदेशी होते.

आता या व्याख्यानातल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. गोव्याच्या वादकाची सगळी विद्या कागदावरची होती. समोर ठेवलेले स्वरलेखन तो पहिल्या नजरेत बिनचूक वाजवी. पण जॅझला नेमके तेच पुरत नव्हते. कागद बाजूला ठेव, डोळे मीट आणि तुला काय सुचते ते वाजव, ही जॅझची मागणी. क्रिकेट स्मिथ आणि वेदरफोर्ड यांच्यासारख्यांच्या सहवासात राहून, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून, मुंबईतल्या वादकांनी ही दुसरी विद्या शिकून घेतली. कुडचड्याचा ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड, रूडी कॉटन अशी माणसे त्या तालमीत तयार झाली. ही तालीम पुस्तकी नव्हती. गुरूच्या मागे बसून तानपुरा छेडणाऱ्या आपल्या शिष्याची असते, तशीच ती होती.

आणि गंमत पाहा. कागदाशिवायची, गुरुमुखातून यायची ही विद्या गोव्यात नव्हती का? भरपूर होती. फोंडे महालातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, त्याच महालातल्या केरीच्या केसरबाई, सांगे महालातल्या कुर्डीच्या मोगूबाई, लयीचे बादशहा खाप्रूमामा पर्वतकर ही सारी गोव्याचीच माणसे. देवळांच्या आश्रयाने वाढलेल्या कलावंत घराण्यांतून आलेली ही परंपरा. म्हणजे एका लहानशा प्रदेशात दोन संपूर्ण संगीते नांदत होती. एक देवळाच्या सभामंडपात, न लिहिता, तोंडी शिकवले जाणारे. दुसरे इगर्जीच्या शाळेत, पाच रेघांवर लिहून शिकवले जाणारे. दोघांमध्ये काही मैलांचे अंतर आणि शतकांचा दुरावा होता. दोघांनाही गोव्यात पोट भरता आले नाही आणि दोघेही मुंबईला गेले. तिथेही एक गिरगावच्या बाजूला राहिले, दुसरे धोबीतलावला. जॅझचा आत्मा पहिल्या परंपरेच्या जवळचा होता, पण तो मुंबईत शिरला दुसऱ्या परंपरेच्या दारातून.

१९३० नंतरच्या दहा-बारा वर्षांत मुंबईचे स्वतःचे जॅझवादक तयार झाले. मोम्बासाला जन्मलेले आणि कराचीत नाव मिळवलेले मिकी कोरिया १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजच्या बँडचे प्रमुख होते. बार्देशातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ यांनी ‘चिक चॉकलेट’ हे नाव घेतले. लुई आर्मस्ट्राँगसारखा ट्रम्पेट आणि तसाच खर्जातला आवाज यांमुळे लोक त्यांना भारताचे आर्मस्ट्राँगच म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात मुंबई-कलकत्ता ही शहरे दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी भरून गेली आणि नाचाच्या संगीताला कधी नव्हती एवढी मागणी आली. टेडी वेदरफोर्ड त्या काळात कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात होता. एप्रिल १९४५ मध्ये, वयाच्या अवघ्या एक्केचाळीसाव्या वर्षी, तो तिथे पटकीने गेला. ज्या रोगाने आपल्या गावोगावी घरे ओस पाडली, त्याच रोगाने शिकागोचा हा पियानोवादक नेला. 

१९४७ नंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. इंग्रज गेले, त्यांच्या बॉलच्या रात्री गेल्या. संस्थाने विलीन झाली आणि संस्थानिकांचे बँड मोडले. फाळणीमुळे लाहोर आणि कराची येथील हॉटेलांत वाजवणारे गोवेकरही मुंबईला आले. सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांपैकीच एक. आणि १९४९ च्या कायद्यानंतर मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. मी जैन घरातला माणूस आहे. दारूच्या बाजूने बोलणे माझ्याकडून व्हायचे नाही, आणि डॉक्टर म्हणून तर मुळीच नाही. पण इतिहास सांगताना आवडनिवड बाजूला ठेवावी लागते. नाचाच्या दिवाणखान्यांचा हिशेब दारूच्या विक्रीवर बसलेला होता. ती थांबली तसे अनेक ठिकाणचे बँड कमी झाले, काही बंद पडले. चर्चगेट स्ट्रीटवरच्या, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवरच्या, हॉटेलांत आणि रेस्तराँत जॅझ पुढेही वाजत राहिला. पण तेवढ्यावर सगळ्यांचे घर चालणे शक्य नव्हते. एका चांगल्या हेतूच्या कायद्याने एका कलेचे पोट नकळत दुसरीकडे वळवले. ते वळले चित्रपटाकडे.

आणि इथे एक मराठी माणूस उभा होता. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा जन्म, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिक्षण, सोहराब मोदींच्या मिनर्व्हात हार्मोनियमवर उमेदवारी. रागदारीचा पाया पक्का आणि कान मात्र चारी दिशांना उघडे. त्यांनी चिक चॉकलेटना आपल्याबरोबर घेतले. १९५१ च्या ‘अलबेला’त बोंगो, माराकस आणि ट्रम्पेट यांनी जो धुमाकूळ घातला तो अजून विरलेला नाही. एका गाण्यात तर चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक झालरीचे कपडे घालून पडद्यावरच दिसतात. त्याच ‘अलबेला’त पिलूतली एक अंगाई आहे, जी आपल्या घराघरांत म्हटली गेली. दोन्ही चाली एकाच माणसाच्या. नायक आणि दिग्दर्शक भगवान पालव, गिरणीकामगाराचा मुलगा. गिरणगाव, पुणतांबे आणि हळदोणे अशी तीन गावे त्या एका चित्रपटात भेटली. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातल्या ‘ईना मीना डीका’ या गाण्याच्या निरर्थक वाटणाऱ्या शब्दांतही चक्क एक कोकणी बोल जाऊन बसला आहे. तो त्यांच्या ताफ्यातल्या जॉन गोम्स या गोवेकर वादकाकडून आला, असे सांगतात.

चित्रपटाला गोवेकरांची एवढी गरज का पडली, हे कामाची रीत पाहिली की कळते. संगीतकार पेटीवर चाल बसवी. ती त्याच्या डोक्यात आणि गळ्यात असे, फार तर सरगम लिहून ठेवलेली. पण ध्वनिमुद्रणाला वादक पन्नास-साठ. प्रत्येकाने नेमके काय वाजवायचे, कुठे थांबायचे, गायकाच्या ओळीमागे व्हायोलिनांनी कोणती वेगळी सुरावट धरायची, हे सारे लिहून काढणारा माणूस हवा. त्याला ‘अरेंजर’ म्हणत. तो रात्री बसून प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र कागद लिही, सकाळी ते कागद वाटले जात आणि वादक ते पाहून लगेच वाजवत. गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच दमात गाणे मुद्रित करत. कोणा एकाची चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. अशा कामाला पहिल्या नजरेत वाचणारा वादक लागतो आणि तो इगर्जीच्या शाळेने पिढ्यान्‌पिढ्या तयार करून ठेवला होता. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनसाठी वीसेक वर्षे हे काम केले. महालक्ष्मीचा फेमस स्टुडिओ, ताडदेवचे फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब या ठिकाणी धोबीतलावची मंडळी रोज हजर असत.

मग एके दिवशी काय झाले असेल ते पाहा. काचेच्या एका बाजूला मायक्रोफोनसमोर दीनानाथांची कन्या उभी, तोंडी शिकलेल्या परंपरेची. पलीकडे रांगेत बसलेले बार्देश आणि साष्टीचे वादक, कागदावर शिकलेल्या परंपरेचे. चारशे वर्षे एकमेकांच्या दारात न गेलेले गोव्याचे दोन वारसे मुंबईच्या एका बंद खोलीत भेटले आणि सारा देश ते ऐकू लागला. चित्रपटगीत ही बाजारू गोष्ट, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत होती. मला ती या भेटीची जागा वाटते.

ही भेट सगळ्यांनाच रुचली असे नाही. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. पुण्याचे, विद्वान, शास्त्रीय संगीताचे खरे प्रेमी. पाश्चात्य वळणाच्या चित्रपटसंगीताविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली आणि लोक रेडिओ सिलोन लावू लागले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांनी शास्त्रीय संगीतासाठी जे केले त्याचे ऋण मोठे आहे. पण ज्याला ते भेसळ समजत होते, ती आपल्याच दोन विद्यांची सोयरीक होती. एका मराठी माणसाने ती जुळवली आणि दुसऱ्याने ती मोडू पाहिली, हेही आपल्या इतिहासात नोंदलेले असावे.

आता या कथेतली दुखरी जागा. गाणे गाजले की गायकाचे नाव झाले, संगीतकाराचे झाले, गीतकाराचेही झाले. ज्याने रात्रभर बसून साठ कागद लिहिले त्याचे नाव तबकडीवर नव्हते, पडद्यावरही क्वचितच. वादकाला त्या दिवसाच्या कामाचे पैसे मिळाले की संबंध संपला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची गोष्ट घ्या. उत्तम व्हायोलिनवादक, अरेंजर आणि शिक्षक. रागदारी आणि पाश्चात्य वाद्यवृंद एकत्र आणायचे त्यांचे स्वप्न होते. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण असे प्रयोग पोट भरत नाहीत. पुढे ते चित्रपटसृष्टीतून बाहेर पडले. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचे नाव देशभर दुमदुमले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली ती मानवंदना होती. गाणे लहान मुलांच्याही तोंडी गेले, पण असा कोणी खरा माणूस आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत होते?

श्रोतेहो, आपण सीमाभागातली आणि महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे. काम करूनही यादीत नाव नसणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या घराण्यांनी इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद घडवले, आणि तरी पुण्या-मुंबईच्या इतिहासात आपण पुष्कळदा तळटीप होतो. मग मराठीत संगीताचा इतिहास लिहिताना आपण दुसऱ्या कोणाला तळटिपेतही घेऊ नये, हे बरे दिसत नाही.

एक शेवटची गोष्ट सांगतो. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अंतराळात सोडली. त्यांच्याबरोबर पृथ्वीवरच्या आवाजांची एक सोनेरी तबकडी पाठवली आहे. तीत भारतातले एकच गाणे आहे, केसरबाई केरकरांची भैरवी. त्याच तबकडीत लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेटही आहे, म्हणजे वेदरफोर्डच्या जुन्या सोबत्याचा. याने निघाली आणि त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेला केसरबाई मुंबईत वारल्या. वेदरफोर्ड ताजमध्ये वाजवत होता तेव्हा त्या त्याच शहरात गात होत्या. इथे ज्यांची ओळख कधी झाली नाही, त्यांची शेजारी म्हणून नोंद तिकडे कोणीतरी केली.

आपल्या हातात एवढे मोठे काम नाही, पण एक लहान काम आहे. गोव्यात, आणि इकडे खानापूर-लोंढ्याच्या पट्ट्यातही, अजून काही घरांतल्या जुन्या ट्रंकांत हाताने लिहिलेले स्वरलेखनाचे कागद पडून आहेत. कागदाला वाळवी लागते आणि नातवंडांना ते कशाचे आहेत ते कळत नाही. आपल्या संस्थेकडे ग्रंथालय आहे, कपाटे आहेत, पुस्तके जपायची सवय आहे. गावात, शेजारात, ओळखीत कोणाचे आजोबा मुंबईला बँडमध्ये किंवा सिनेमात वाजवत होते असे कळले, तर त्यांच्या घरी एकदा जा. त्यांचे नाव, गाव, वाद्य आणि काम केल्याची वर्षे एका वहीत लिहून घ्या, आणि घरच्यांनी परवानगी दिली तर त्या कागदांच्या प्रती काढून आणा. पुढच्या वर्षी हे व्याख्यान दुसरे कोणी देईल. त्याच्या हातात ती वही असावी, एवढीच विनंती करून मी थांबतो.